पासष्ट वर्षांचं गणित

उत्तर अटलांटिक महासागरात, आइसलंड आणि नॉर्वे यांच्या मध्ये फेरो नावाची अठरा बेटं आहेत. बारा महिने वारा, पाऊस आणि धुकं. उतारांवर मेंढ्या, खाली समुद्रात मासे. १८४६ साली या बेटांवर जेमतेम पावणेआठ हजार माणसं राहत होती. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात कोपनहेगनहून एक सुतार जहाजाने तिथे आला आणि त्याच्याबरोबर गोवरही बेटावर उतरला. मग काय विचारता! काही महिन्यांत सहा हजारांहून जास्त माणसं आजारी पडली. आणि नुसती लहान मुलं नव्हेत हं. मिशीवाले कोळी, लेकुरवाळ्या बायका, कर्तीसवरती माणसं, सगळ्यांच्या अंगावर पुरळ.

डेन्मार्क सरकारने तिकडे दोन तरुण डॉक्टर पाठवले. त्यांतल्या एकाचं नाव पीटर लुडविग पॅनम, वय वर्षं पंचवीस. पोरगा मोठा चिकाटीचा. होडीतून या बेटावरून त्या बेटावर जायचा, गावोगाव फिरायचा. कोण कधी कोणाला भेटलं, पुरळ कोणत्या तारखेला उठलं, सगळं टिपून ठेवायचा. टिपता टिपता त्याच्या लक्षात एक नवल आलं. गावात सगळे तापाने फणफणलेले असताना काही म्हातारी माणसं मात्र ठणठणीत होती. त्याने विचारपूस केल्यावर कळलं, की बेटांवर याआधी गोवर आला होता तो १७८१ साली. तेव्हा ही मंडळी लहान होती आणि त्यांना तो होऊन गेला होता. पॅनमने नोंदवून ठेवलं: १७८१ मध्ये गोवर झालेल्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही.

मधे किती वर्षं गेली? पासष्ट!

ही गोष्ट मी सांगितली तेव्हा आमची धाकटी नात लगेच म्हणाली, “पण आजोबा, मधल्या काळात तो विषाणू त्यांना पुन्हा भेटला असेल ना? म्हणून शरीर विसरलं नसेल.” प्रश्न अगदी बरोबर आहे. मुंबईसारख्या शहरात हे सांगताच आलं नसतं, कारण तिथे गोवर सतत कुठे ना कुठे असतोच. फेरो बेटांचं महत्त्व यातच आहे. पासष्ट वर्षं तिथे गोवर फिरकलाच नव्हता. कोणी आठवण करून दिली नाही, तरी शरीराने आठवण ठेवली. निसर्गाने आपणहून मांडलेला असा स्वच्छ प्रयोग क्वचित पाहायला मिळतो.

ही आठवण कुठे असते, हे पॅनमला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानहून आलेले किटासाटो शिबासाबुरो यांनी दाखवलं, की धनुर्वाताला पुरून उरलेल्या प्राण्याच्या रक्तातला रस दुसऱ्या प्राण्याला दिला तर तोही वाचतो. म्हणजे त्या रसात काहीतरी आहे. ते काहीतरी म्हणजे प्रतिपिंड, अँटिबॉडी. प्रथिनाचा एक रेणू, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा. त्याची दोन टोकं विषाणूच्या अंगावरची ठरावीक जागा पकडतात.

आता कागद-पेन्सिल घ्या. आपल्या रक्तात सगळ्यात जास्त असणाऱ्या प्रतिपिंडाचं नाव आयजीजी. त्याचं अर्धायुष्य साधारण एकवीस दिवसांचं असतं. म्हणजे आज शंभर रेणू असतील तर एकवीस दिवसांनी पन्नास, आणखी एकवीस दिवसांनी पंचवीस. मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून साठ-सत्तर ग्रॅम आयजीजी असतं. रेणूंच्या हिशोबात सांगायचं तर तीनावर वीस शून्यं. आपण उदार होऊ आणि धरून चालू, की १७८१ साली त्या फेरोच्या मुलाच्या अंगातला प्रत्येक आयजीजी रेणू गोवराविरुद्धचाच होता. आता निम्मे करत चला. निम्मे, निम्म्याचे निम्मे, त्याचेही निम्मे. अडुसष्ट वेळा निम्मे केले की हातात एक रेणू उरतो. अडुसष्ट गुणिले एकवीस, म्हणजे १४२८ दिवस. चार वर्षंही पुरी होत नाहीत!

चार वर्षांत शेवटचा रेणू संपतो, आणि माणसं तर पासष्ट वर्षांनी सुरक्षित होती. मग निष्कर्ष काय निघतो? शरीरात कुठेतरी कोणीतरी अजून प्रतिपिंडं बनवत असलं पाहिजे, किंवा बनवायला तयार बसलेलं असलं पाहिजे. बघा, अजून आपण सूक्ष्मदर्शकाला हात लावलेला नाही, कोणाला सुई टोचलेली नाही. नुसत्या भागाकाराने आपल्याला एका न दिसणाऱ्या गोष्टीचा पत्ता लागला. मला या विषयाचं वेड लागलं ते याचमुळे.

हे गणित मनात नीट बसावं म्हणून ओसरीवरचा मातीचा रांजण आठवा. बुडाशी बारीक चीर गेलेली आहे. रांजण काठोकाठ असतो तेव्हा पाणी जोरात पाझरतं, पाणी खाली गेलं की थेंब थेंब. गळती नेहमी साठ्याच्या प्रमाणात. प्रतिपिंडांचंही तसंच. एकवीस दिवसांत निम्मी, म्हणजे रोज शंभरातली साधारण सव्वातीन जातात. वरून तोटीने पाणी येत असेल तर काय होईल? पाणी चढत जाईल, गळतीही वाढत जाईल, आणि जिथे आवक आणि गळती सारखी होईल तिथे पातळी स्थिर होईल. हिशोब केला तर ही पातळी म्हणजे तोटीतून येणारं सुमारे तीस दिवसांचं पाणी. म्हणजे तुमच्या रक्तात आज धनुर्वाताविरुद्ध जेवढी प्रतिपिंडं आहेत, ती शरीराची साधारण महिन्याभराची कमाई आहे. प्रतिपिंडांच्या गणिताची सगळी मोठमोठी समीकरणं सुरू होतात ती इथूनच: साठ्यातला बदल म्हणजे आवक वजा गळती.

तोटी नसलेला रांजण पाहायचाय? तो घरोघरी असतो: तान्हं बाळ. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. बाळ जन्मतं ते आईची गोवराविरुद्धची प्रतिपिंडं घेऊन, पण ती बनवणाऱ्या आईच्या पेशी काही त्याच्याकडे येत नाहीत. म्हणून ती नुसती घटत जातात. जोवर ती पुरेशी आहेत तोवर बाळाला गोवराची लस देऊन फारसा उपयोग नाही, कारण लशीतला दुबळा केलेला विषाणू आईच्याच प्रतिपिंडांकडून मारला जातो आणि बाळाचं शरीर काही शिकत नाही. फार उशीर केला तर मधल्या काळात बाळ उघडं पडतं. आपल्याकडे गोवराची पहिली लस नऊ महिने पुरे झाल्यावर देतात, त्यामागे ही घटती रेषा आहे. दवाखान्यातल्या लसीकरणाच्या कार्डावरचा तो ‘९ महिने’ असा रकाना कधी बघाल तेव्हा आठवा.

गळतीचीही एक सुंदर गोष्ट आहे. रक्तातली बरीचशी प्रथिनं काही दिवसांतच मोडली जातात, मग आयजीजीच एवढं का टिकतं? १९६४ साली वेल्समधल्या बँगर इथे ब्रॅम्बेल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह एक गणिती प्रतिमान मांडलं. ते असं, की पेशी रक्तातला रस गिळतात, पण त्यांच्या आत काही ठरावीक संख्येचे पकडणारे रेणू असतात. ते आयजीजी धरून ठेवतात आणि पुन्हा सुखरूप रक्तात सोडतात. ज्यांना पकडायला जागा मिळत नाही ते मोडले जातात. तो पकडणारा रेणू तेव्हा कोणी पाहिलाही नव्हता. त्याचं जनुक हाती लागलं ते १९८९ मध्ये, पंचवीस वर्षांनी. आणि नवल असं, की आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे पोचवणारा रेणूही तोच निघाला!

आता तोटीकडे वळू. लस टोचली की जवळच्या लसिकाग्रंथीत गडबड उडते. तिथल्या ज्या बी-पेशींना (पांढऱ्या पेशींचाच हा एक प्रकार) लशीतला तुकडा ओळखता येतो त्या भराभर विभागायला लागतात. त्यांतल्या काहींच्या प्लाझ्मा पेशी होतात. प्रतिपिंडं याच पेशी बनवतात, हे १९४८ मध्ये स्वीडनच्या आस्ट्रिड फाग्रेयस यांनी आपल्या प्रबंधात दाखवलं. सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी चटकन ओळखू येते. आकार अंड्यासारखा लांबट, आणि केंद्रक मधोमध नसून एका कडेला ढकललेलं. उरलेली सगळी जागा प्रथिनं बनवणाऱ्या घड्यांनी खच्चून भरलेली असते. ही पेशी आता विभागत नाही, दुसरं काही करत नाही. दर सेकंदाला हजारो प्रतिपिंडं बाहेर सोडते. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या शरीरातल्या एकेका प्लाझ्मा पेशीने दहा-दहा हजार रेणू बनवून टाकले.

लशीनंतर प्रतिपिंडांचा आलेख काढला तर तो असा दिसतो: आठवडाभर फारसं काही नाही, मग झपाट्याने चढ, तीन-चार आठवड्यांत शिखर, मग उतार. या उताराकडे नीट बघायचं. साध्या कागदावर तो नुसताच वाकडा दिसतो. पण ज्या कागदावर उभ्या अक्षावरचे आकडे एक, दहा, शंभर, हजार अशा पटीने चढतात, त्या लॉग कागदावर तोच आलेख काढा. दर ठरावीक दिवसांनी निम्मी होणारी गोष्ट या कागदावर सरळ रेघ होऊन उतरते. नुसती गळती असती, तर एकवीस दिवसांत निम्मं होणारी एकच रेघ मिळाली असती. प्रत्यक्षात दोन रेघा मिळतात. सुरुवातीला तीव्र उताराची, मग एक कोपरा, आणि पुढे मंद उताराची लांबच लांब रेघ.

आफ्रिकेतल्या मुलांना दिलेल्या आरटीएस,एस या मलेरियाच्या लशीचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये मायकेल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी हजारो मुलांच्या मोजमापांवर हे गणित बसवलं. पहिल्या रेघेचं अर्धायुष्य निघालं ४५ दिवस, दुसरीचं ५९१ दिवस. आता विचार करा. प्रतिपिंड स्वतः एकवीस दिवसांत निम्मं होतं, मग पहिली रेघ ४५ दिवस कशी? कारण तोटी एकदम बंद होत नाही. लसिकाग्रंथीतल्या अल्पायुषी प्लाझ्मा पेशी एकेक करून मरत जातात, तशी आवक आटत जाते. आणि ५९१ दिवस? ती दुसरी तोटी: संख्येने थोड्या, पण दीर्घायुषी पेशींची. म्हणजे रक्ताच्या थेंबांतून, रेघेच्या उतारावरून, मुलाच्या शरीरात कोणत्या जातीच्या पेशी किती उरल्या आहेत याचा अंदाज बांधता येतो. हा अंदाज कामाचा असतो. या लशीचं संरक्षण पहिल्या वर्षानंतर का ओसरतं आणि मधे आणखी एक डोस का हवा, हे त्या कोपऱ्यातच लिहिलेलं आहे.

अशी समीकरणं मांडणाऱ्या अगदी पहिल्या माणसांपैकी एकाची गोष्ट मला फार आवडते. ती सांगायची तर आपल्याला काराकोरम पर्वतात जावं लागेल. १० ऑगस्ट १९५३. के-टू शिखरावर, साडेसात हजार मीटर उंचीवर आठ गिर्यारोहक वादळात खाली उतरत होते. त्यांच्यातल्या आर्ट गिल्की या तरुणाच्या पायात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या, म्हणून त्याला झोपण्याच्या पिशवीत गुंडाळून दोरांनी हळूहळू खाली सोडत होते. तेवढ्यात कडक बर्फावरून एकाचा पाय घसरला. त्याने दोराला बांधलेल्या जोडीदाराला ओढलं, त्यांचा दोर दुसऱ्यांच्या दोरात गुंतला, आणि बघता बघता माणसांमागून माणसं कड्याकडे घसरत निघाली. वर पीट शोनिंग नावाचा एकटा गडी एका खडकामागे कुऱ्हाड रोवून दोर धरून उभा होता. त्याने सगळ्यांचा भार पेलला. घसरलेले सगळे वाचले. गिल्की मात्र नंतर त्याच उतारावरून नाहीसा झाला.

ज्याचा पाय घसरला तो जॉर्ज बेल. चष्मा गेला, हातमोजे गेले, हातापायांना हिमदंश झाला. वय सत्तावीस. हा मूळचा भौतिकशास्त्रज्ञ, हान्स बेथे यांचा विद्यार्थी, अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत काम करणारा. पाय बरे झाल्यावर तो पुन्हा डोंगरांत गेला, आणि १९६० मध्ये विली अनसोल्डबरोबर ७८२१ मीटर उंच माशेरब्रुम शिखरावर सगळ्यांत आधी पोचला. कामाच्या वेळात तो अणुभट्टीचं गणित करायचा: एका न्यूट्रॉनपासून किती न्यूट्रॉन होतात, किती निसटून जातात, साखळी वाढते की विझते. आणि १९७० साली याच माणसाने प्रतिपिंडांवर शोधनिबंध लिहिला. लस टोचल्यावर घट्ट पकडणाऱ्या आणि सैल पकडणाऱ्या पेशींमध्ये कोण किती वाढतं, प्रतिपिंडं कधी चढतात, कधी उतरतात, याची समीकरणं त्याने मांडली आणि संगणकावर सोडवली. मला वाटतं, वाढ आणि गळती यांचा हिशोब त्याच्या हाडीमासी मुरलेला होता, म्हणून पेशींकडे बघताना त्याला तो दिसला. १९७४ मध्ये त्याने लॉस अलामोसमध्ये सैद्धांतिक जीवशास्त्राचा गट सुरू केला. त्याच गटातल्या अॅलन पेरेलसन यांनी पुढे एचआयव्हीबाधित माणसाच्या शरीरात रोज सुमारे हजार कोटी विषाणू तयार होतात, हे औषध दिल्यावर उतरणाऱ्या रेघेवरून काढून दाखवलं. पद्धत तीच: उतार बघा आणि आत काय चाललंय ते ओळखा.

पण ती दीर्घायुषी तोटी असते कुठे? अस्थिमज्जेत, हाडांच्या पोकळीत. काही प्लाझ्मा पेशी लसिकाग्रंथीतून निघून तिथे जाऊन बसतात, आणि आजूबाजूच्या पेशी त्यांना जगवतात. फार वर्षं असं मानलं जायचं, की या पेशी मरतात आणि स्मृतिपेशी, म्हणजे विषाणू लक्षात ठेवून शांत बसलेल्या बी-पेशी, त्यांची जागा सतत भरून काढतात. १९९८ मध्ये स्लिफ्का, अँटिया, अहमद आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर ते तपासलं. किरणोत्साराने नवी भरती बंद केली. तरीही प्रतिपिंडं महिनोन् महिने तशीच राहिली. म्हणजे त्या पेशीच स्वतः दीर्घायुषी आहेत. या शोधनिबंधाच्या लेखकांत रुस्तम अँटिया हे गणिती जीवशास्त्रज्ञ होते, हे मुद्दाम लक्षात ठेवा. प्रयोग आणि हिशोब एकाच टेबलावर बसले की काम असं होतं.

याच स्लिफ्का यांच्या गटाने २००७ मध्ये ४५ माणसांची, काहींची तर सव्वीस वर्षांपर्यंतची, साठवलेली रक्तं तपासली आणि प्रत्येक रोगाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा उतार मोजला. धनुर्वात, अर्धायुष्य ११ वर्षं. घटसर्प १९. कांजिण्या ५०. आणि गोवर व गालगुंड? दोनशे वर्षांहून जास्त. दोनशे वर्षं! माणूस संपेल पण गोवराविरुद्धची पातळी निम्मी व्हायची नाही. पॅनमच्या म्हाताऱ्यांचं कोडं इथे सुटतं. जिवंत विषाणू शरीरात वाढतो, बराच काळ हलकल्लोळ करतो. त्यातून निघणाऱ्या प्लाझ्मा पेशी चिवट निघतात. धनुर्वाताच्या लशीत नुसतं निर्विष केलेलं प्रथिन असतं, म्हणून तिथे मधे मधे डोस लागतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी शाळेत टोचतात ना, ते त्यासाठी.

थोरला नातू हिशोबी आहे. तो म्हणाला, “म्हणजे रेघ खाली गेली की संरक्षण गेलं?” तसं नाही रे. इथे गणिताला आणखी एक घड्याळ जोडावं लागतं. ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या लशीनंतर प्रतिपिंडांची १० एकक ही पातळी पुरेशी मानतात. लहानपणी लस घेतलेल्या कित्येकांची पातळी काही वर्षांनी त्याच्याही खाली जाते, तरी त्यांना कावीळ होत नाही. कारण या विषाणूला शरीरात मूळ धरून आजार करायला दीड ते सहा महिने लागतात, आणि आपल्या स्मृतिपेशी चार-पाच दिवसांत जाग्या होऊन नव्याने प्रतिपिंडं ओतायला लागतात. शर्यत आपणच जिंकतो. धनुर्वाताचं किंवा घटसर्पाचं विष इतका वेळ देत नाही, तिथे रांजण आधीच भरलेला हवा. कोणत्या रोगासाठी कोणती पातळी पुरेशी, हे रोगाच्या वेगावर ठरतं.

स्मृतिपेशी किती काळ जगतात? २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतून वाचलेल्या ३२ जणांचं रक्त घेतलं. वयं एक्क्याण्णव ते एकशे एक. नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या रक्तात त्या विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडं होती, आणि काहींच्या रक्तातून ती बनवणाऱ्या बी-पेशीही वेगळ्या करता आल्या. त्या साथीने आपल्या देशात सव्वा कोटींच्या आसपास माणसं नेली असा अंदाज आहे. मुंबई तर तिचं दार ठरली होती. जी मुलं वाचली, त्यांच्याही अंगात तशाच पेशी जन्मभर राहिल्या असणार.

कोविडच्या काळात हे सगळं गणित एकाएकी निकडीचं झालं. २०२१ मध्ये सिडनीच्या कर्बी इन्स्टिट्यूटमधल्या खुरी, क्रोमर, डेव्हनपोर्ट यांच्या गटाने वेगवेगळ्या लशींचे आकडे एकाच पट्टीवर आणले. पट्टी अशी: आजारातून बऱ्या झालेल्या माणसांत सरासरी जेवढी निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं असतात तो एक, आणि प्रत्येक लस त्याच्या किती पट देते ते मोजायचं. संसर्गापासून पन्नास टक्के संरक्षणाला त्या सरासरीच्या सुमारे वीस टक्के पुरतात, आणि गंभीर आजार टाळायला सुमारे तीनच टक्के, असं निघालं. त्यामुळेच लशीनंतर काही महिन्यांनी माणसांना पुन्हा कोविड होत होता, पण दवाखान्यात जायची वेळ कमी जणांवर येत होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनलेली कोव्हॅक्सिन त्या मूळ गणितात नव्हती. तिच्या प्रतिपिंडांचा आकडा समीकरणात घातला तर उत्तर आलं सुमारे ७९ टक्के. चाचणीचा पहिला जाहीर निकाल होता सुमारे ८१ टक्के.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूविरुद्धची लस तेव्हा तीन डोसांची होती. २००७ मध्ये क्रिस्तोफ फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी काही वर्षांच्या मोजमापांवरून तिचा पुढचा आलेख काढला. एका समीकरणाने सांगितलं, की निम्म्या स्त्रियांत ही प्रतिपिंडं नैसर्गिक संसर्गानंतरच्या पातळीच्या वर बारा वर्षं राहतील. दुसऱ्या समीकरणात काही पेशी कायमच्या टिकतात असं धरलं होतं. त्याने सांगितलं, जवळजवळ जन्मभर. मोजमापं तीच, पण उत्तरं दोन. खरं कोणतं, ते ठरवायला वर्षंच जावी लागणार होती.

२००९ मध्ये भारतात नऊ ठिकाणी, त्यांत बार्शीचं कर्करोग रुग्णालय आणि पुणे व मुंबईची केंद्रंही होती, दोन डोस विरुद्ध तीन डोस अशी मोठी चाचणी सुरू झाली. दहा ते अठरा वर्षांच्या मुली. २०१० मध्ये दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पातल्या काही मृत्यूंमुळे सरकारने देशातल्या सगळ्या अशा चाचण्यांतलं लसीकरण थांबवलं. पुढे त्या मृत्यूंचा लशीशी संबंध नसल्याचं आढळलं. पण तोवर जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला होता. चाचणी मोडली असं म्हणून घरी जाणं सोपं होतं. संशोधकांनी आणि त्या गावांतल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी तसं केलं नाही. मुलींचा पत्ता ठेवला, लग्न होऊन त्या दुसऱ्या गावी गेल्या तरी शोधून काढलं, वर्षानुवर्षं नमुने घेतले. मला या कामाबद्दल विलक्षण आदर वाटतो.

आणि आलेख काय निघाला? एका डोसानंतर प्रतिपिंडं चढली, वर्ष-दीड वर्ष उतरली, आणि मग रेघ आडवी झाली. तीन डोसवाल्यांपेक्षा ती खाली होती, पण सपाट होती, आणि नैसर्गिक संसर्गानंतरच्या पातळीच्या वर होती. कोस्टा रिकातही अगदी असंच दिसलं. आडव्या रेघेचा अर्थ तुम्हाला आता सांगायला नको: आवक आणि गळती सारखी झाली आहे, आणि तोटीवरच्या पेशी मरत नाहीत. त्या लशीत विषाणूच्या कवचाचं एकच प्रथिन ३६० वेळा, ठरावीक अंतरांवर मांडलेलं असतं, आणि अशी शिस्तीतली मांडणी बी-पेशींना विलक्षण जोराने जागं करते. म्हणून पहिल्याच डोसात दीर्घायुषी पेशी घडत असाव्यात असं मानतात. २०२१ मध्ये दहा वर्षांचा निकाल प्रसिद्ध झाला: टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एका डोसाचं संरक्षण सुमारे ९५ टक्के, दोन-तीन डोसांइतकंच. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मुलींसाठी एक डोसही चालेल असं सांगितलं, आणि एकाहून जास्त डोसांचा खर्च न पेलणाऱ्या देशांना तेवढ्याच पैशांत जास्त मुलींपर्यंत पोचायची वाट मोकळी झाली.